ताईचं घोडीवरून उतरणं

ताई पहिल्यांदा घोडीवर बसली ती आमच्या यांच्या साठीच्या दिवशी, मनोरीला. दोन दिवसांसाठी आम्ही तिथे एक कॉटेज घेतलं होतं. मार्वे जेट्टीवरून फेरीने पलीकडे गेलो, रिक्षाने कॉटेजवर पोचलो, जेवणाला कोळंबी सांगून ठेवली आणि सगळे वाळूत जाऊन पसरलो. ताई मात्र कॉटेजच्या कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर बसून राहिली. वाळूत तिचा कॅलिपर रुततो.

हे आधीच सांगायला हवं. ताई माझी मोठी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला आणि डावा पाय गेला. गेला म्हणजे आहे, पण नावाला. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी सळया आणि चामड्याचे पट्टे असलेला कॅलिपर ती घालते आणि चालताना हातात काठी घेते. गुडघ्यापाशी त्याला कडी असते. उभं राहायचं तर पाय सरळ करून ती कडी खाली ढकलायची, खट् असा आवाज होतो आणि पाय ताठ राहतो. बसायचं तर कडी वर ओढायची. पाय उचलायचा असला की ती सलवार गुडघ्यापाशी मुठीत धरते आणि पाय हातानेच उचलून हवा तिथे ठेवते. हे सगळं इतक्या सराईतपणे चालतं की नवख्या माणसाला वाटावं, बाई कपडे नीट करतायत. याच पायावर तिने सरकारी कचेरीत चौतीस वर्षं नोकरी केली, बोरिवलीत स्वतःचं घर घेतलं, आणि लग्नाचा विषय काढणाऱ्या प्रत्येकाला चहा पाजून वाटेला लावलं.

तर ती भिंतीवर बसली होती आणि समोरून एक बाई तपकिरी घोडी घेऊन येत होती. पंचेचाळिशीची, काटक, नऊवारी नाही की पंजाबी नाही, नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवलेला. मूळची सोलापूरकडची, लग्न होऊन इकडे आली. सासरे टांगा चालवायचे. टांगे गेले, सासरे गेले, नवराही गेला, घोड्या राहिल्या. लग्नसराईत ती घोडी वरातींना न्यायची आणि एरवी रविवारी समुद्रावर लोकांना फिरवायची. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी तिने फक्त भिंतीपाशी घोडी थांबवली आणि ताईला विचारलं, “बसताय का, अक्का?”

कोणी ताईला असं विचारत नाही. लोक आधी पायाकडे बघतात, मग तोंडाकडे, मग आभाळाकडे. मी “नाही हो, तिला कसं…” एवढं म्हणेपर्यंत ताई “बसते” म्हणून मोकळी झाली होती.

बसणं सोपं गेलं. भिंत घोडीच्या पोटापर्यंत होती. ताईने भिंतीवरूनच खोगीर धरलं, चांगला उजवा पाय पलीकडे टाकला आणि सरकून बसली. डावा पाय भिंतीकडच्या बाजूला लोंबत राहिला. घोडीवालीने लगाम धरला आणि दोघी निघाल्या. अर्ध्या तासाने परत आल्या तेव्हा ताईचा चेहरा मी ओळखलाच नाही. बासष्ट वर्षांची बाई, पाठ ताठ, ओढणी उडतेय, आणि ती आमच्याकडे वरून बघत होती. उभ्या आयुष्यात तिला चालताना सतत जमिनीकडे बघावं लागलंय. कुठे खड्डा आहे, कुठे ओलं आहे. त्या अर्ध्या तासात तिने खाली पाहिलंच नसेल. मला खरंच भरून आलं, आणि मी काही लगेच भरून येणारी बाई नाही.

मग उतरायची वेळ आली.

घोडी भिंतीला लागून उभी राहीना. हातभर अंतर ठेवून राहिली आणि मधे नुसती पोकळी. शिवाय उतरायचं तर डाव्या पायावर भार टाकून उजवा पाय मागून फिरवायला लागतो. डाव्यावर भार टाकायचा म्हणजे कॅलिपरच्या भरवशावर हवेत उभं राहायचं. ताई विचार करत होती. दोन मिनिटं हवी होती तिला. आम्ही दिली नाहीत. आमचे हे एका बाजूने धावले, पुतण्या दुसऱ्या बाजूने, मी बूट धरला, आणि सगळ्यांनी मिळून गाठोडं उतरवावं तसं तिला खाली घेतलं. कुर्ता वर गेला, ओढणी घोडीच्या पायाखाली गेली, बूट माझ्या हातात राहिला. “झालं, झालं!” असं आम्ही म्हणत होतो, जणू काही फार मोठं काम केलं.

ताई जेवताना नुसता भात चिवडत राहिली. कोळंबी तशीच ठेवली.

आमच्या घरात ताईला उचलायची पद्धतच होती. घाटकोपरच्या चाळीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. वडील गिरणीतून आले की तिला खांद्यावर घेऊन खाली फिरवून आणायचे. ते नसले की चुलत भाऊ, ते नसले की शेजारचे काका. कुठे लग्नाला निघालो, गावी एसटीत चढलो, की आईचं ठरलेलं, “अरे, आधी तिका उचला रे!” सगळे प्रेमाने उचलायचे, त्यात खोट नव्हती. पण “उचलू का?” असं तिला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही नाही. मोठी झाले, अंगात ताकद आली, तसं मीही काखेत हात घालायला लागले. मला वाटायचं, बहीण म्हणून एवढं तरी करायलाच हवं.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, “ताई, रागावलीस?”

“मला सामान समजू नकोस,” ती म्हणाली. मग म्हणाली, “बसायला आवडलं गं मला. खूप आवडलं. पण स्वतःचं स्वतः उतरता येत नसेल तर मी परत बसणार नाही.”

मला वाटलं, विषय संपला. पंधरा दिवसांनी तिचा फोन. “रविवारी मनोरीला जायचंय. येणार असलीस तर ये. मदत करायला येऊ नकोस, डबा घेऊन ये.”

घोडीवालीला तिने आधीच फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. त्या बाईचं मला पहिल्या दिवसापासून कौतुक वाटतं ते यासाठी, की तिने “अरेरे” म्हटलं नाही. तिने ताईला उभं राहायला सांगितलं, कॅलिपरची कडी वरखाली करून बघितली, बुटाचं वजन हातात घेऊन बघितलं. मग घोडीभोवती एक फेरी मारली, आणि सुताराने दाराची चौकट बघावी तसं दोघींकडे आळीपाळीने बघितलं. “हाताला जोर हाय का?” तिने विचारलं. ताईने तिचं मनगट धरलं आणि दाबलं. बाई “आईगं!” म्हणून हसली. जन्मभर हातांनी शरीर पेलल्यावर जोर असणारच.

पहिला उपाय तिचाच होता. जमीन लांब पडते ना, मग घोडीच खाली न्यायची. तिने फावड्याने वाळूत गुडघाभर चर खणला आणि घोडीला त्यात उभं केलं. वरातीत ताशे, फटाके, नाचणारे मामा यांना न बिचकणारी ती घोडी, पण खड्ड्यात उभं राहायचं म्हटल्यावर तिचा अपमान झाला. दोनदा बाहेर आली. तिसऱ्यांदा थांबली तर चराच्या कडा ढासळायला लागल्या. ताई काठावर उतरली खरी, पण उतरल्या उतरल्या कॅलिपरचा बूट भुसभुशीत वाळूत घोट्यापर्यंत गेला आणि ती खांबासारखी कलली. बाईने आणि मी धरलं. हा उपाय बाद.

दुसरा उपाय ताईला सुचला आणि मला तो फार आवडला होता. ती म्हणाली, समुद्र आहे की! पाण्यात अंग हलकं होतं. पुढच्या रविवारी कॅलिपर काढून, मोठ्या ओढणीने पाय गुंडाळून ती घोडीवर बसली आणि बाईने घोडी कमरेएवढ्या पाण्यात नेली. ताई पोटावर पालथी झाली, सरकली, आणि पाण्याने तिला हळूच झेललं. अशी हसली ती! मी किनाऱ्यावरून “झकास!” म्हणून ओरडले. लाटा छातीशी येत होत्या, ती खोगीर धरून तरंगत होती. मग ती म्हणाली, “आता बाहेर कशी येऊ गं?”

ते कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कॅलिपर किनाऱ्यावर पिशवीत. पाण्यातून वर येताना अंग परत जड होतं. शेवटी बाई एका बाजूला आणि मी दुसऱ्या, तिला जवळजवळ ओढतच आणलं. वाट लागली आमची. ताई वाळूत बसून केस पिळत होती आणि म्हणाली, “परत उचललीतच.” हसत म्हणाली, पण म्हणाली.

आम्ही अडकलो होतो त्याचं कारण शेवटी आमच्या यांच्यामुळे कळलं, म्हणजे त्यांच्या फजितीमुळे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी तेही आले. बघून म्हणाले, “तुम्ही उगाच अवघड करताय. मी दाखवतो.” घोडीवर चढले, दोन्ही पाय एका बाजूला घेतले, तोंड घोडीच्या तोंडाच्या दिशेला केलं, एक हात खोगिरावर ठेवला आणि उडी मारली. पडताना दोन पावलं पुढे पळाले, तिसऱ्या पावलाला गुडघ्यावर बसले आणि तोंडभर वाळू घेऊन उठले.

घोडीवाली पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, “मुंबईची मान्सं समदी अशीच उतरत्यात. दर रविवारी एक तरी पडतंय. मी म्हन्ते, घोडी उभी हाय, तुमी कशापायी पळताय?”

खरंच की. आपल्याला लहानपणापासून तेच शिकवलेलं असतं. चालत्या बसमधून उतरायचं तर तोंड पुढे, दांडा धरायचा, पाय टेकला की दोन पावलं पळायचं. उलट्या तोंडाने उतरलास तर मरशील, असं प्रत्येक आईने प्रत्येक पोराला सांगितलेलं असतं. घोडी उभी असली तरी आपलं अंग तिला बस समजतं. मी स्वतः, पाण्यातला रविवार सोडला तर, ताईला दर वेळी तेच ओरडत होते, “तोंड पुढे कर, तोंड पुढे!” आणि ताई ते ऐकून पुढे वळायचा प्रयत्न करत होती, म्हणून वाळूवर अडकत होती.

“पण मी बसमधून अशी उतरतच नाही,” ताई एकदम म्हणाली.

“मग कशी उतरता?” बाईने विचारलं.

“पाठमोरी. बस पूर्ण थांबली की मी आत तोंड करते, दोन्ही दांडे धरते आणि शिडीवरून उतरावं तशी उजवा पाय आधी खाली सोडते. चौतीस वर्षं कंडक्टर ओरडायचे, अहो ताई, तोंड इकडे करा! मी म्हणायचे, तू तिकीट फाड.”

बाईचं हसू थांबलं. ती ताईजवळ आली आणि म्हणाली, “अक्का, मग घोडं पेंड कुठं खातंय ते कळलं. घोड्यावरनं तसंच उतरायचं असतंय. घोडीकडं तोंड, पोट खोगिराला, हळू सरकत. तुमालाच बरोबर येतंय, आनि ही समदी तुमाला चुकीचं शिकवत्यात.”

ताईने माझ्याकडे बघितलं. मी डबा उघडायला घेतला.

पुढचं दोघींनी मिळून वाळूवर काठीने रेघा मारत ठरवलं. मला त्यातलं नीट कळायला वेळ लागला, म्हणून सावकाश सांगते. सगळं जग डाव्या बाजूने उतरतं. ताईने उजव्या बाजूने उतरायचं, म्हणजे चांगला पाय आधी टेकेल. पण त्यासाठी डावा पाय उजवीकडे आणायला हवा, आणि तो मागून फिरवता येत नाही. मग पुढून आणायचा. सलवार मुठीत धरून तो पाय हाताने उचलायचा आणि घोडीच्या मानेवरून अलीकडे घ्यायचा. म्हणजे ती कट्ट्यावर बसावं तशी एका बाजूला तोंड करून बसेल. मग खोगिराची पुढची आणि मागची कड धरून वळायचं, पोटावर यायचं, आणि हातांच्या जोरावर सरकत उजवा पाय जमिनीला लावायचा. मग घोडीलाच टेकून कॅलिपर सरळ करायचा, खट् करायचा आणि मग हात सोडायचे.

“घोडी राहील का उभी?” मी विचारलं. मानेवरून लोखंडाचा पाय जातोय म्हटल्यावर कुठलं जनावर गप्प राहील? शिवाय ती जन्मात उजवीकडून कोणाला उतरू देणारी नव्हती. सगळे नवरदेव डावीकडून उतरलेले.

“शिकवायचं घोडीला हाय,” बाई म्हणाली. “अक्काला काय शिकवायचं? त्यांना येतंयच.”

तीन आठवडे तिने आम्हाला येऊ दिलं नाही. नंतर तिच्याकडून कळलं की नवऱ्याची जुनी पँट घेऊन तिने एक पाय कापला, त्यात वाळू भरली, खाली एक जुना बूट बांधला, आणि तो पाय रोज सकाळी घोडीच्या मानेवरून इकडून तिकडे नेत बसली. पहिल्या दिवशी घोडीने कान मागे टाकले आणि तो पाय दातात धरून फेकून दिला. आठवड्याने ती नुसती मान खाली घालायला लागली. मग बाईने वाळूचं पोतं उजवीकडून सरकवत उतरवायला सुरुवात केली. शेवटी खट् आवाजासाठी ती दाराची कडी घेऊन गोठ्यात बसायची. आवाज झाला की मगच घोडीला गूळ. घोडीला पक्कं कळलं, की खट् ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नाही. कोणी सांगितलं होतं त्या बाईला एवढं करायला? मी तिला विचारलं तर म्हणाली, “येक गिऱ्हाईक बसतंय आनि उतरत न्हाई, ही काय घोडीवालीची इज्जत झाली?”

मग तो रविवार आला ज्याची मला अजून लाज वाटते.

ताई घोडीवर होती. डावा पाय मुठीत धरून तिने मानेवरून घेतला. घोडी मान खाली घालून उभी राहिली, फक्त एक कान हलला. ताई बाजूला वळली, खोगीर धरलं, पोटावर आली. सगळं बरोबर चाललं होतं. ती सरकायला लागली, पाय हवेत, जमीन अजून वीतभर लांब, तिचे दंड थरथरत होते. ते थरथरणं मला बघवेना. मी कशी धावले मला माहीत नाही. मागून जाऊन मी तिच्या कमरेला मिठी घातली.

ताई दचकली. तिचे हात सुटले. आम्ही दोघी वाळूत आपटलो, ती खाली, मी वर. घोडी बाजूला झाली, बिचारीने पाय दिला नाही एवढं नशीब. ताईच्या कमरेला चांगलाच मार बसला. ती तशीच पडून होती आणि आभाळाकडे बघत म्हणाली, “मी पडत नव्हते. तू मला पाडलंस.”

मी काहीतरी बोलले. हात थरथरत होते म्हणून, काळजी वाटली म्हणून. ती उठून बसली. “थरथरत होते कारण ते काम करत होते,” ती म्हणाली. “माझे हात थरथरतातच. रोज. घरी तू नसतेस तेव्हापण.”

परत जाताना फेरीत आम्ही लांब लांब बसलो. आठवडाभर तिने फोन उचलला नाही. मी त्या आठवड्यात फार विचार केला असं नाही, नुसती धुसफुसत होते. एवढं करते तरी हिचं हे. मग शुक्रवारी माझ्याच दंडाकडे माझं लक्ष गेलं. वरच्या फळीवरून पिठाचा डबा काढताना तो थरथरत होता, आणि मी पडत नव्हते. आमचे हे धावत आले असते तर मी त्यांना काय म्हटलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी मी तिला मेसेज केला, “उद्या लांब बसेन.” तिने अंगठा पाठवला.

घोडीवालीने त्या रविवारी मला कुठे बसवलं ठाऊक आहे? वीस पावलांवर, सुरूच्या झाडाखाली, थर्मास आणि पिशव्यांसोबत. “मावशी, पिशव्यांकडं बघा,” म्हणाली. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनीच लहान असेल, पण मावशी म्हणाली. मी गुपचूप बसले.

ताई लांबवर फिरून आली. बूट रुतणार नाही अशा ओल्या, घट्ट वाळूवर घोडी थांबली, बाई तिच्या तोंडापाशी उभी राहिली आणि समुद्राकडे बघायला लागली, जणू काही मागे काही चाललंच नाहीये. ताईने पाय मुठीत धरला. मान खाली गेली, पाय अलीकडे आला. ती थोडा वेळ तशीच बसली, पाय लोंबकळत, शाळा सुटल्यावर कट्ट्यावर बसावं तशी. घाई नव्हती तिला. मग वळली. पोटावर आली. दंड थरथरायला लागले. मी थर्मासचं झाकण धरून बसले होते, ते माझ्याकडून वाकडं बसलं. ती सरकत होती, सावकाश, एकेक बोट. उजव्या बुटाचं टोक वाळूला लागलं, मग टाच. तिने घोडीच्या अंगाला कपाळ टेकवलं आणि थोडा वेळ श्वास घेतला. मग खाली हात नेऊन डावा पाय सरळ केला.

खट्.

घोडीने लगेच मान वर केली आणि गुळासाठी बाईच्या खिशात तोंड घातलं. ताईने हात सोडले आणि मागे वळली. ती स्वतःच्या पायांवर वाळूत उभी होती, ओढणी जागच्या जागी, दोन्ही बूट पायात, आणि आजूबाजूला कोणीही नव्हतं. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. बाई म्हणाली, “जमलं की,” आणि ताई म्हणाली, “जमलं.” मी झाडाखाली बसून रडले. रडू द्या, तिथे पिशव्यांशिवाय कोण बघत होतं. बासष्टाव्या वर्षी एक बाई हट्टाने स्वतःचं उतरणं शोधून काढते आणि दुसरी तिच्यासाठी कडी वाजवत गोठ्यात बसते. या दोघींसमोर आपण फारच साध्या आहोत, असं मला वाटलं, आणि तसं वाटण्यात वाईट काही नव्हतं.

चहा झाल्यावर ताई मला म्हणाली, “आता तू बस.”

“मी? मला कशाला?”

“इतके रविवार येतेस, एकदाही बसली नाहीस. तुला तर दोन पाय आहेत.”

नाही म्हणायची सोय राहिली नाही. बाईने पाय ठेवायची रिकीब धरली, मी कशीबशी चढले. फिरून आले, बरं वाटलं, उगाच कशाला नाही म्हणू. पण घोडी थांबली आणि मी खाली बघितलं. बाई गं! जमीन इतकी खाली असते हे मला खालून कधी कळलं नव्हतं. उजवा पाय मागून फिरवायचा म्हणजे घोडीवर आडवं व्हायचं, डोळ्यांसमोर नुसती खोगिराची कातडी, पाय कुठे जाणार ते दिसत नाही, आणि पाठीमागे काय आहे कोणाला ठाऊक. मी अर्धवट पालथी झाले आणि तिथेच गोठले. पुढेही जाता येईना, परत बसताही येईना. हात थरथरायला लागले.

“ताई,” मी म्हटलं, “धर गं मला. ताई, धर!”

मागून तिचा आवाज आला, अगदी जवळून. “मी इथेच आहे. पोटावर भार दे. बाकी काही करायचं नाही, घोडी हलणार नाही.”

“पडेन मी!”

“पडणार नाहीस. मी इथेच आहे.”

मी वाट बघत होते की आत्ता तिचा हात लागेल. लागला नाही. मी पोटावर भार दिला आणि सरकायला लागले. घोडीच्या अंगाचा ऊबदार वास नाकात गेला, घामाचा आणि गवताचा. सरकताना मला वाटलं तेवढं लांब काहीच नव्हतं. पायाचा अंगठा वाळूला लागला आणि मग सगळी मीच तिथे उभी होते, स्वतःची स्वतः.

मी मागे वळले. ताई दीड हातावर उभी होती. काठी काखेत होती, आणि मला धरायला पुढे जाऊ नयेत म्हणून दोन्ही हात तिने पाठीमागे एकमेकांत इतके घट्ट अडकवले होते की सोडवताना तिची बोटं तिला एकेक करून सुटी करावी लागली.